लाकडाचं घर वादळात उडून जाईल का?

प्रश्न असा आहे : अमेरिकेत फ्लोरिडातल्या टँपाजवळ राहणारं एक मराठी जोडपं पहिलंच घर घेतंय. दोन घरांवर गाडी अडली आहे. एक १९८८ चं, बैठं, काँक्रीट ब्लॉकच्या भिंतींचं, दोनपाखी छपराचं. दुसरं २००६ चं, दुमजली. खालचा मजला ब्लॉकचा, वरचा लाकडी सांगाड्याचा आणि छप्पर चौपाखी. दोन्ही किनाऱ्यापासून बरीच आत. दापोलीहून आलेले सासरे म्हणतात, 'निसर्ग वादळात काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लाकडाच्या खोक्यात पैसे घालू नका, ब्लॉकचंच घ्या.' वादळी वाऱ्यात टिकावं म्हणून इथे घरं बांधतात तरी कशी, आणि या दोनांतलं कुठलं घ्यावं?

मी फ्लोरिडात स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. नव्या घरांची डिझाइनं करतो, पण बराचसा वेळ जुन्या घरांच्या माळ्यावर सरपटत जाऊन छप्पर कशाने धरलंय ते बघण्यात जातो. आधी उत्तर सांगून टाकतो : एवढ्याच माहितीवर निवडायचं झालं तर मी २००६ चं घर घेईन, काकांचा, म्हणजे सासऱ्यांचा, राग पत्करून. पण माळा बघितल्याशिवाय सही करणार नाही. आणि १९८८ च्या घराचं छप्पर मधल्या काळात नीट बदललेलं निघालं तर माझं मत फिरूही शकतं.

काकांनी जे पाहिलं ते खरंच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा होता. पण दापोली-मंडणगडाकडे नेमकं काय गेलं, ते आठवून बघा. कौलं गेली, पत्रे गेले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. चिऱ्याच्या भिंती, अंगावर झाड पडलं ती घरं सोडली, तर बहुतेक ठिकाणी जागेवर होत्या. कौल वाशा-रिपांवर आपल्या वजनाने बसलेलं असतं आणि पत्रा मोजक्या हुकांवर. वाऱ्याने तेवढंच उचललं. भिंत कशाची आहे, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

छपरावरून वारा जोरात वाहतो तेव्हा तो छप्पर दाबत नाही, वर ओढतो. ही ओढ आढ्याजवळ, वळचणीला आणि कोपऱ्यांवर सगळ्यांत जास्त असते. किती, याचा साधा अंदाज घ्या. ताशी ७० मैल, म्हणजे जवळपास निसर्गाएवढा वारा, दर चौरस मीटरला साधारण ६१ किलोंचा मूळ दाब देतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. १४० मैलांना तो २४५ किलोंच्या आसपास जातो. आता इथल्या छपराचं वजन बघा : लाकडी ट्रस (आपल्याकडची कैची), त्यावर प्लायवूड, वर शिंगल (डांबरी चकत्या), खाली जिप्समचं सीलिंग, सगळं मिळून चौरस मीटरला ५० ते ७५ किलो. आजूबाजूला झाडं-घरं किती, उंची किती, यावरून दाबाचा आकडा कमी होतो आणि कोपऱ्याला तो दुपटीच्याही वर जातो. हिशोब कसाही मांडा, छप्पर स्वतःच्या वजनावर बसून राहणं शक्य नाही. ते खाली बांधूनच ठेवावं लागतं. कोकणात पत्र्यावर दगड किंवा वाळूच्या गोण्या ठेवतात, त्याने मोसमातला वारा निभावतो. चक्रीवादळात तेच दगड खाली येतात.

आकड्यांचा एक घोळ इथेच मोडतो. बातम्यांत 'कॅटेगरी ४' वगैरे ऐकू येतं, तो एका मिनिटाचा सरासरी वारा असतो. ताशी ७४ मैलांना हरिकेन सुरू होतं, १५७ ला कॅटेगरी ५. घराच्या नकाशावर जो आकडा लिहिलेला असतो तो तीन सेकंदांच्या झोताचा असतो, त्यामुळे तो मोठा दिसतो. मायामीत साध्या घरासाठी तो १७५ आहे, टँपाच्या आसपास १४० च्या आगेमागे. दोन आकडे एकमेकांसमोर ठेवून 'माझं घर कॅटेगरी ४ झेलेल' असं म्हणू नका. (१ ते ५ ही प्रतवारी मांडणाऱ्या दोघांपैकी हर्बर्ट सॅफिर फ्लोरिडातलेच स्ट्रक्चरल इंजिनिअर होते. आमच्या धंद्यातली माणसं हे संधी मिळेल तिथे सांगतात.)

आता १९८८ आणि २००६ या सालांकडे. त्यांच्या मध्ये २४ ऑगस्ट १९९२ ही तारीख आहे. त्या पहाटे अँड्र्यू हे वादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ आलं. वारा ताशी १६५ मैल, हे नंतर २००२ मध्ये फेरतपासणी करून ठरलं. डेड काउंटीत, म्हणजे मायामीच्या जिल्ह्यात, २५ हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त झाली. धक्कादायक भाग असा की दक्षिण फ्लोरिडाचा बांधकाम कोड तेव्हाही देशातल्या कडक कोडांपैकी एक समजला जायचा. पडझडीची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरांना ढिगाऱ्यांत काय सापडलं? छपराचे तक्ते खिळ्यांऐवजी स्टेपलांनी ठोकलेले, आणि त्यातल्या कित्येक पिना खालच्या लाकडात गेल्याच नव्हत्या. हवेत टोचून बाजूला निघाल्या होत्या. दोनपाखी छपरांच्या टोकाच्या त्रिकोणी भिंतींना आतून आधार नव्हता. गॅरेजची दारं आत कोसळली होती. तपासणी करायला येणाऱ्यांनी काय तपासलं, यावर तिथल्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ताशेरे ओढले. त्यानंतर मायामीकडचा कोड बदलला, आणि १ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला. २००६ चं घर या तारखेच्या अलीकडचं आहे, १९८८ चं पलीकडचं. माझ्या पसंतीचं पहिलं कारण हे. लाकूड-काँक्रीट नंतर येतं.

कोडचा सगळा भर एका गोष्टीवर आहे : शिंगलला लागलेली ओढ तक्त्यात, तक्त्यातून ट्रसमध्ये, ट्रसमधून भिंतीत आणि भिंतीतून पायात, कुठेही न तुटता पोचली पाहिजे. एकेक सांधा बघू. वरून खाली येतो, कारण वारा वरूनच उकलायला सुरुवात करतो.

पहिला सांधा खिळ्याचा. ट्रस इथे दर दोन फुटांवर असते. त्यावर आठ बाय चार फुटांचे प्लायवूडचे किंवा ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेले) तक्ते. जुन्या घरांत दोन इंची खिळे किंवा स्टेपल, तक्त्याच्या कडेला सहा इंचांवर आणि मध्ये बारा इंचांवर. तक्त्याच्या मधल्या खिळ्यावर सगळ्यात जास्त भार येतो आणि तिथेच खिळे सगळ्यात विरळ! आज अडीच इंची खिळे, मध्येही सहा इंचांवर, आणि खिळ्याच्या अंगावर कड्यांसारख्या खाचा असलेले. या खाचांनी पकड साध्या खिळ्याच्या जवळपास दुप्पट होते. किमतीतला फरक विचाराल तर एका घरामागे तो बाहेर जेवायला गेल्याएवढाही नसतो.

हे माळ्यावरून कसं कळतं? मी सकाळी लवकर जातो, कारण जूनपासून पुढे दहा वाजल्यावर तिथे थांबवत नाही. इन्सुलेशनचा कापूस बाजूला सारत ट्रसच्या खालच्या लाकडांवर गुडघे टेकत वळचणीकडे सरकायचं. पाय घसरून सीलिंगवर पडला तर खाली कुणाच्या तरी बेडरूममध्ये उतरतो. मग टॉर्च तिरका धरायचा. नेम चुकलेले खिळे ट्रसच्या बाजूने खाली आलेले दिसतात, टोकं चकाकतात. छपरावर काम करणारे त्यांना 'शायनर' म्हणतात. असा एखादा सगळीकडेच असतो. पण एकाच ट्रसला सात-आठ शायनर ओळीने दिसले, तर त्या ओळीपुरता तक्ता अधांतरीच आहे. शायनरचा एक उपयोगही होतो : त्याची लांबी मोजून खिळा कुठला वापरलाय ते समजतं आणि दोन शायनरांमधलं अंतर मोजून ठोकणी किती इंचांवर आहे तेही. जिथे दिसत नाही तिथे धातू शोधणारं यंत्र लाकडाच्या कडेने फिरवतो. १९८८ च्या घरात मला हेच बघायचंय. कारण २००७ च्या शेवटापासून इथे नियम आहे की जुन्या घराचं छप्पर उकलून नवं घातलं तर तक्ते पुन्हा ठोकायचे, नव्या अंतराने, नव्या खिळ्यांनी. त्या घराचं छप्पर त्यानंतर परमिट काढून बदललेलं असेल, तर सगळ्यात मोठी उणीव भरून निघालेली असेल. परमिटची नोंद काउंटीच्या वेबसाइटवर पत्ता टाकला की मिळते.

दुसरा सांधा ट्रस आणि भिंत यांचा. टँपात १४० मैलांच्या झोताला, तीस फूट लांबीच्या ट्रसच्या प्रत्येक टोकाला वर ओढणारं बळ सहज ४०० किलोंच्या घरात जातं. जुनी पद्धत म्हणजे ट्रसच्या बगलेतून भिंतीच्या पट्टीत तिरके ठोकलेले दोन-तीन खिळे. त्यांची पकड या आकड्याच्या निम्म्यालाही पोचत नाही, आणि तिरका खिळा ठोकताना लाकूड फाटलं असेल तर तीही नाही. त्याऐवजी गॅल्व्हनाइज्ड पोलादाची क्लिप किंवा पट्टा लावतात. ब्लॉकच्या घरात पट्ट्याचं खालचं टोक ओल्या काँक्रीटमध्ये गाडलेलं असतं आणि वरचं टोक ट्रसला खिळलेलं; उत्तम काम असेल तर ते ट्रसवरून पलीकडे वळवून दुसऱ्या बाजूलाही ठोकलेलं असतं. विम्याच्या फॉर्मवर याच्या पायऱ्या आहेत : तिरके खिळे, क्लिप, एकेरी वेढा, दुहेरी वेढा. क्लिप 'क्लिप' म्हणून धरायची तर तिला किमान तीन खिळे लागतात. पट्टा जागेवर आहे, भोकं सहा आहेत आणि खिळे दोनच, हे दृश्य इतकं नेहमीचं आहे की मी पट्टा बघत नाही, आधी डोकी मोजतो. त्यातही पट्टा एका ट्रसला आहे म्हणून पुढच्या ट्रसला असेलच असं नाही. चारही बाजूंना, विशेषतः कोपऱ्यात, जिथे माणूस आडवा होऊनच पोचतो, तिथे जाऊन बघावं लागतं. कामचुकारपणाही नेमका तिथेच झालेला असतो.

काकांच्या मताला इथे थोडा आधार आहे, तोही सांगतो. ब्लॉकच्या घरांत गाडलेले पट्टे अँड्र्यूच्या आधीही सर्रास वापरले जायचे. म्हणजे १९८८ च्या घरात ते सापडण्याची शक्यता चांगली आहे.

छपराचा आकार. चौपाखी छप्पर चारही बाजूंनी उतरतं, त्याला वाऱ्यासमोर उभी त्रिकोणी भिंत नसते आणि चारी पाखी एकमेकांना आवळून धरतात. दोनपाखी घराची टोकाची त्रिकोणी भिंत खालच्या भिंतीशी आणि वरच्या छपराशी नुसती टेकलेली असेल तर ती तिथेच मोडून आत येते, आणि मग आख्खं पाखं उघडं पडतं. यावर उपाय आहे आणि तो महाग नाही : माळ्यात आडवी लाकडं आणि तिरके आधार घालून ती भिंत मागच्या तीन-चार ट्रसना जखडायची. सुताराचं दोन दिवसांचं काम. १९८८ चं घर घेतलंत तर हे पहिल्या पावसाळ्याआधी करून घ्या. आपल्याकडची जुनी चौपाखी घरं बांधणाऱ्यांना कुणी हा हिशोब शिकवला नसेल, पण आकार त्यांनी बरोबर धरला होता.

भिंत आणि पाया यांवर जास्त वेळ घालवत नाही. ब्लॉकची भिंत म्हणजे पोकळ ब्लॉक. कोपऱ्यात, दारं-खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मध्ये ठरावीक अंतरावर त्या पोकळीत उभी सळई घालून ग्राउट, म्हणजे पातळ काँक्रीट, ओततात, सळई पायातून निघते आणि भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या टाय बीममध्ये वळते. सळया नसतील तर ब्लॉकची भिंत म्हणजे नुसती रचाई, ती बाहेर ओढली गेली की पडते. लाकडी भिंतीत बाहेरचे तक्तेच काम करतात : वरच्या पट्टीपासून खालच्या पट्टीपर्यंत सलग ठोकलेले, कोपऱ्यांना पोलादी धरणी, आणि तुमच्या घरात वरच्या मजल्याच्या लाकडी खांबांपासून खालच्या ब्लॉकच्या बीमपर्यंत पट्टे. ते भिंतीच्या आत असल्यामुळे दिसणार नाहीत. मंजूर नकाशे मागवून बघा.

लाकूड आणि वारा या भांडणावर एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. साउथ कॅरोलिनात रिचबर्गला विमा कंपन्यांनी चालवलेलं संशोधन केंद्र आहे, १०५ अजस्र पंख्यांचं. तिथे २०१० मध्ये दोन दुमजली लाकडी घरं शेजारी-शेजारी उभी करून वाऱ्यात घातली. बाहेरून दोन्ही जवळपास सारखी. एकात नेहमीचे सांधे, दुसऱ्यात पट्टे, चांगले खिळे आणि मजबूत दारं. पहिलं काही मिनिटांत कोसळून ढिगारा झालं, दुसरं उभं राहिलं. लाकूड दोन्हींत तेच होतं.

मग काका विचारतील, आपल्यासारखा स्लॅब का टाकत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पाच इंची स्लॅबचं वजनच चौरस मीटरला ३०० किलोंच्या वर. वारा त्याला हलवत नाही. प्वेर्तो रिकोत तशी घरं भरपूर आहेत, आणि २० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आलं तेव्हा पत्र्याची छपरं गेली आणि स्लॅबची घरं राहिली. फ्लोरिडातही कुणी बांधू म्हटलं तर बांधता येतं, मी आनंदाने डिझाइन करून देईन. पण इथे सेंटरिंगची मजुरी परवडत नाही, स्लॅब तापतो तो वेगळाच, आणि ट्रसचं छप्पर ट्रकवरून तयार येऊन एक-दोन दिवसांत चढतं. सांधे नीट केले तर तेही टिकतं हे माहीत असताना कुणी तेवढा खर्च करत नाही.

आता खिडक्या-दारं. छप्पर बांधून ठेवलं आणि वाऱ्याच्या बाजूची मोठी काच फुटली, तर पुढे काय होतं ते उलटी झालेली छत्री ज्याने धरली आहे त्याला सांगायला नको. बाहेरून ओढ होतीच, आता आतूनही दाब. आमच्या हिशोबात बंद घराला आतल्या दाबाचा गुणक ०.१८ धरतात, एका बाजूने उघडं पडलेल्या घराला ०.५५. तिपटीने वाढ, आणि ती बाहेरच्या ओढीत मिळवायची. म्हणून काचेचं रक्षण हे छपराचंच रक्षण आहे.

दक्षिण फ्लोरिडात खिडकी किंवा शटर विकायच्या आधी त्याची एक चाचणी होते, ती मला अजूनही बघायला आवडते. नऊ पौंडांचा दोन बाय चार इंची लाकडी वासा हवेच्या तोफेतून सेकंदाला ५० फूट वेगाने काचेवर मारतात. काच तडकली तरी चालते. मधल्या प्लॅस्टिकच्या थराने ती चौकटीत राहिली पाहिजे. मग त्याच तडकलेल्या काचेवर दाब आणि ओढ आलटून-पालटून हजाराहून जास्त वेळा देतात. त्यातून जी तगते तिला मान्यतेचा क्रमांक मिळतो आणि तो चौकटीवरच्या लेबलवर असतो. घर दाखवणारा एजंट 'इम्पॅक्ट विंडोज आहेत' म्हणाला तर लेबल शोधा. काचेवर चिकटपट्टीची फुली मारायची पद्धत मात्र सोडून द्या, तिचा उपयोग शून्य.

तुमचं २००६ चं घर किनाऱ्यापासून आत असल्यामुळे त्या वेळी काचांचं संरक्षण बहुधा सक्तीचं नसेल, म्हणजे साध्या काचा निघतील. ॲल्युमिनियमचे किंवा कापडी पॅनल आधी करून ठेवले आणि चौकटीभोवती त्यांचे बोल्ट पक्के बसवून घेतले तर इम्पॅक्ट काचांच्या खर्चाच्या थोड्या भागात काम होतं. पण वादळाच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून ते लावणारं कुणीतरी घरी लागतं, याचा विचार करा.

आणि गॅरेजचं दार. सोळा फूट रुंद, पातळ पत्र्याचं, रुळांवर लोंबणारं. घराच्या अंगावरचं सगळ्यात मोठं भोक हेच, आणि लोक खिडक्यांवर हजारो डॉलर घालतात तेव्हा याच्याकडे बघतही नाहीत. आतल्या बाजूला लेबल असतं, त्यावर ते किती दाबाला चालेल ते लिहिलेलं असतं. लेबल नसेल तर दार बदला. तुमच्याकडे थोडेच पैसे असतील तर मी सांगेन की पहिला खर्च इथे.

पाण्याबद्दल न बोलता वाऱ्याबद्दल बोलणं अर्धवट राहतं. बहुतेक घरं वादळात पडत नाहीत, ती भिजतात. शिंगल उडाले, तक्ते जागेवर राहिले, तरी दोन तक्त्यांमधल्या फटींतून पाऊस माळ्यात येतो, कापूस भिजतो, जिप्समचं सीलिंग फुगून खाली येतं. इंजिनिअर म्हणेल घर उभं आहे. घरमालकाला सहा महिने भाड्याने राहावं लागतं. २००४ मध्ये १३ ऑगस्टला चार्ली वादळ पुंता गोर्दावरून गेलं, तेव्हा नव्या कोडची घरं जुन्यांपेक्षा स्पष्टपणे बरी राहिली. पण त्यांतही वळचणीखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ज्यांना सॉफिट म्हणतात, उडाल्या आणि पाऊस आडवा माळ्यात घुसला. आता शिंगलखाली चिकटणारा थर घालून फटी आधीच बंद करतात आणि २०२० च्या अखेरीला आलेल्या कोडपासून नवं छप्पर घालताना ते राज्यभर सक्तीचं झालंय. २००६ च्या घराचं छप्पर मूळचंच असेल, तर शिंगलचं आयुष्य संपत आलंय आणि विमा कंपनी ते बदलायला लावेलच. ती किंमत घराच्या भावातून कमी करून घ्या. नवं छप्पर नव्या कोडचं असेल, म्हणजे आयतीच संधी.

त्या घराची मला खरी काळजी वेगळीच आहे. टँपा भागात त्या वर्षांतल्या लाकडी भिंतींवरच्या स्टकोचा इतिहास चांगला नाही. गिलावा तडकतो, खिडकीच्या कोपऱ्यांतून पाणी मागे शिरतं आणि तक्ते आतल्या आत कुजतात. कुजलेल्या तक्त्यात खिळा कितीही चांगला असला तरी काय धरणार? वरच्या मजल्याच्या खिडक्यांखाली ओलावा मोजून घ्या, गरज पडली तर छोटी भोकं पाडून. विकणारा कुरकुर करेल, करू द्या. तक्ते कुजलेले निघाले तर मी ते घर सोडून देईन आणि काकांच्या बाजूने येईन.

वाऱ्याला तोंड देणारं घर बांधता येतं, समुद्राचं तसं नाही. २०१८ च्या मायकल वादळात मेक्सिको बीचवर जवळपास सगळी घरं पुसली गेली आणि नवं कोरं एक घर उभं राहिलं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. चाळीस फूट खोल रोवलेले खांब, २५० मैलांच्या वाऱ्याचा हिशोब. पण ते वाचलं कारण राहती जागा पाण्याच्या वर उचललेली होती आणि खालचा जिना, भिंती लाटेबरोबर सुटून जाव्यात अशाच बांधल्या होत्या. २०२४ मध्ये हेलीन किनाऱ्याला लागलं ते टँपापासून दूर, उत्तरेला. तरी टँपा बेच्या काठावर समुद्र सहा-सात फूट चढला, आणि एकही शिंगल न हललेल्या घरांत सोफे तरंगले. दोनच आठवड्यांत मिल्टन आलं, त्याने सेंट पीटर्सबर्गच्या स्टेडियमचं कापडी छप्पर फाडून नेलं. तुमची दोन्ही घरं आत आहेत, तरी निर्वासन-क्षेत्राचं अक्षर (वादळात कुणी घर सोडायचं ते त्यावरून ठरतं) आणि पुराचा नकाशा बघाच. साध्या गृहविम्यात पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. क्षेत्र 'ए' निघालं तर घर कितीही चांगलं बांधलेलं असलं तरी सांगतील तेव्हा निघायचं.

दोन्ही घरांसाठी आत्ता एवढं करा. विकणाऱ्यांकडे वाऱ्याच्या तपासणीचा फॉर्म मागा, 'विंड मिटिगेशन' म्हणतात तो. पाच वर्षं चालतो आणि त्यातल्या प्रत्येक चांगल्या उत्तरावर विमा कंपनीला कायद्याने सूट द्यावी लागते. त्याला जोडलेले फोटो फॉर्मपेक्षा महत्त्वाचे. पट्ट्याच्या फोटोत खिळ्यांची डोकी मोजता आली पाहिजेत, तक्त्याच्या फोटोत खिळ्याशेजारी टेप धरलेली दिसली पाहिजे. फोटो धूसर असतील किंवा एकाच कोपऱ्यातले असतील तर स्वतःचा माणूस माळ्यावर चढवा. छपराच्या परमिटचं साल आणि हे फोटो इथेच टाका, बघून सांगतो.